सासर की तुरुंग? रखमाबाईंनी तुरुंग निवडला

डॉ. रखमाबाई राऊत यांचा जन्म १८६४ चा, मुंबईचा. अकराव्या वर्षी लग्न लागलं, पण त्या नांदायला गेल्याच नाहीत. १८८४ मध्ये नवरा दादाजी भिकाजी कोर्टात गेला. १८८७ ला हुकूम झाला: सासरी जा, नाहीतर सहा महिने कैद. बाईंनी कैद पत्करली! पुढच्या वर्षी दोन हजार रुपयांवर तडजोड झाली, तुरुंग टळला.

मग कामा हॉस्पिटलच्या डॉ. एडिथ पेची पाठीशी उभ्या राहिल्या. रखमाबाई लंडनला शिकल्या, १८९४ मध्ये डॉक्टर झाल्या. बाळंतपणं तेव्हा घरीच, सुईणीच्या हातून व्हायची. अशा काळात त्यांनी आधी सुरतेचं, नंतर राजकोटचं बायकांचं हॉस्पिटल सांभाळलं.

एक गोष्ट मात्र कोड्यात टाकते. १९०४ मध्ये दादाजी वारल्यावर त्या विधवेसारखी पांढरी साडी नेसू लागल्या.