डेनिस रिची : दळण आणि तयार पीठ

सर्व्हरवर एखादं सॉफ्टवेअर टाकायचं तर दोन वाटा असतात. तयार बायनरी पॅकेज उतरवून घ्यायचं, किंवा मूळ सोर्स कोड आणून आपल्याच यंत्रावर कंपाइल करायचा. तयार पिठाची पिशवी आणणं आणि गहू निवडून दळण टाकणं, असाच हा फरक. पिठाचे पुन्हा गहू होत नाहीत. बायनरीवरूनही मूळ प्रोग्रॅम जसाच्या तसा परत मिळत नाही. मुलांना हे सांगताना मी डेनिस रिची यांची ओळख करून देतो.

रिची यांचा जन्म ९ सप्टेंबर १९४१ रोजी न्यूयॉर्क राज्यातील ब्राँक्सव्हिल येथे झाला. वडील बेल लॅब्जमध्ये शास्त्रज्ञ होते. हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्र आणि उपयोजित गणित शिकून १९६७ साली तेही तिथेच रुजू झाले. डॉक्टरेटचा प्रबंध लिहून झाला होता, पण पदवी काही त्यांनी घेतलीच नाही. (पालकहो, हे मुलांना जरा जपूनच सांगा!)

१९६९ मध्ये त्यांचे सहकारी केन थॉम्पसन यांनी पीडीपी-७ या यंत्रावर युनिक्सची सुरुवात केली. ते असेंब्ली भाषेत होतं, म्हणजे त्या एका यंत्राला बांधलेलं. यंत्र बदललं की सगळं पुन्हा लिहा! थॉम्पसन यांच्या 'बी' भाषेवरून रिची यांनी 'सी' घडवली आणि १९७३ मध्ये दोघांनी युनिक्सचा गाभा सी भाषेत नव्याने लिहिला. अशी प्रणाली वेगासाठी असेंब्लीतच लिहावी लागते, असं तेव्हा बहुतेकांना वाटायचं. आता गहू तेच, फक्त प्रत्येक यंत्राची गिरणी, म्हणजे कंपायलर, वेगळी. यंत्राशी निगडित थोडा भाग बदलला की बाकी प्रोग्रॅम तसाच चालायचा. पुढे इंटरडेटा ८/३२ या अगदी निराळ्या यंत्रावर युनिक्स नेऊन त्यांनी हे करून दाखवलं.

बेल लॅब्जची मालक कंपनी एटी अँड टी. १९५६ च्या सरकारी तडजोडीमुळे तिला संगणकाच्या धंद्यात उतरता येत नव्हतं. म्हणून विद्यापीठांना युनिक्स अल्प शुल्कात, सोर्स कोडसकट, टेपवर मिळे. दुरुस्तीला कंपनीचा माणूस येणार नाही. मग विद्यार्थीच कोड वाचत, चुका शोधत, सुधारणा करत. मला वाटतं, युनिक्सची खरी शाळा ती! १९८४ मध्ये कंपनीचं विभाजन झालं, धंद्याची मुभा मिळाली, आणि सोर्स महाग झाला. अनेक गिऱ्हाइकांच्या हाती फक्त बायनरी आली.

आज लिनक्समुळे दोन्ही वाटा खुल्या आहेत. शाळेच्या सर्व्हरवर मी तरी पॅकेजच घेतो, कारण सुरक्षेच्या दुरुस्त्या आपोआप मागून येतात. स्वतः कंपाइल केलं की हवा तो पर्याय निवडता येतो, पण पुढची प्रत्येक दुरुस्ती आपल्याच गळ्यात. आणि ते पॅकेजसुद्धा कुणीतरी सोर्सवरूनच दळलेलं असतं. ते कुणी दळलं, हे बघूनच घ्यावं.

१९८३ मध्ये थॉम्पसन यांच्यासह रिची यांना ट्युरिंग पुरस्कार मिळाला. ऑक्टोबर २०११ मध्ये न्यू जर्सीतील राहत्या घरी ते मृतावस्थेत आढळले. वय ७० होतं, आणि घरी ते एकटेच राहत. लिनक्सचा गाभा आजही मुख्यतः सी भाषेतच लिहिला जातो.