लॉरेंट क्लर्क : हातांनी बोलणारे गुरुजी

आज आपण कर्णबधिर मुलांचे थोर शिक्षक लॉरेंट क्लर्क यांची ओळख करून घेऊया.

त्यांचा जन्म 26 डिसेंबर 1785 रोजी फ्रान्समधील एका खेड्यात झाला. साधारण एक वर्षाचे असताना ते आगीत पडले आणि त्यानंतर त्यांना ऐकू येईना. खूप उपचार केले, पण गुण काही आला नाही. बाराव्या वर्षापर्यंत शाळा नाहीच, फक्त गाई चरायला न्यायच्या.

1797 मध्ये काकांनी त्यांना पॅरिसच्या कर्णबधिर शाळेत घातलं. तिथे एक शिक्षक त्यांना तोंडाने बोलायला शिकवत. उच्चार चुकला म्हणून त्यांनी हनुवटीवर असा ठोसा मारला की जीभ चावली गेली. क्लर्क यांनी पुन्हा बोलायचा प्रयत्न केला नाही. पण जाँ मास्यू या कर्णबधिर शिक्षकांनी त्यांना खुणांच्या भाषेतून शिकवलं. त्याच आधारावर ते फ्रेंच लिहा-वाचायला शिकले, पुढे तिथेच शिक्षकही झाले.

1816 मध्ये थॉमस गॅलॉडेट यांच्यासोबत ते जहाजाने अमेरिकेला निघाले. 52 दिवसांच्या प्रवासात क्लर्क यांनी खुणा शिकवल्या आणि गॅलॉडेट यांनी इंग्रजी! 15 एप्रिल 1817 रोजी हार्टफर्ड येथे दोघांची शाळा सुरू झाली. क्लर्क यांनी तिथे चाळीस वर्षं शिकवलं. 18 जुलै 1869 रोजी त्यांचे निधन झाले.

यातून आपण काय शिकायचं? मुलाला आधी एक भाषा पक्की मिळू द्या, मग ती हातांची का असेना. दुसरी भाषा तिच्याच खांद्यावर उभी राहते. म्हणून लहान मुलाच्या खुणा थांबवू नका, आपणही त्या शिका.