सरसेनापती त्र्यंबकराव दाभाडे: ताणलेलं धनुष्य आणि तोड्याची बंदूक

तळेगाव दाभाडे या नावातलं 'दाभाडे' आपण रोज उच्चारतो. एसटीच्या पाटीवर, लोकलच्या स्टेशनावर, शाळेच्या दाखल्यावर ते असतंच. पण या घराण्यातल्या त्र्यंबकरावांविषयी विचारलं तर बहुतेकांना एवढंच माहीत असतं, की ते डभईच्या लढाईत बाजीराव पेशव्यांविरुद्ध लढताना पडले. परवा आठवीच्या वर्गात हा प्रसंग सांगत होतो. त्र्यंबकराव हत्तीवरून धनुष्य ताणत असताना त्यांना गोळी लागली, असं सांगितल्यावर एका मुलानं हात वर केला. त्याचा प्रश्न असा, की गोळी लागली म्हणजे बंदुका होत्याच, मग एवढा मोठा सेनापती धनुष्य घेऊन का बसला होता? त्याला गरिबी होती की अडाणीपणा?

दोन्ही नव्हतं. प्रश्न मात्र इतका चांगला होता की त्या दिवशी पुढचा धडा राहून गेला. आजचा पाठ त्याच प्रश्नावर आहे.

आधी माणूस समजून घेऊ. त्र्यंबकराव हे सरसेनापती खंडेराव दाभाडे आणि उमाबाई यांचे थोरले चिरंजीव. यशवंतराव आणि सवाई बाबूराव हे त्यांचे धाकटे भाऊ. आई उमाबाई नाशिककडच्या अभोण्याच्या ठोके देशमुखांची लेक. सप्तशृंगी गडाच्या पायऱ्या बांधवून घेतल्या त्या याच. वडिलांना शाहू महाराजांनी १७१७ साली सेनापतिपद दिलं. खंडेरावांचं सगळं आयुष्य गुजरात आणि खानदेशच्या स्वाऱ्यांत गेलं. १७२० मध्ये बाळापूरच्या लढाईत ते निजामाच्या विरुद्ध बाजूला होते, हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. १७२९ मध्ये खंडेराव वारले. त्यांची समाधी आपल्या बनेश्वराच्या आवारात आहे. १७३० च्या जानेवारीत त्र्यंबकरावांना सेनापतीची वस्त्रं मिळाली. ती त्यांच्या अंगावर जेमतेम सव्वा वर्ष राहिली.

अशा घरात वाढलेल्या मुलाचं शिक्षण कसं होत असेल? घोडा, भाला, तलवार आणि धनुष्य. त्या काळचं धनुष्य म्हणजे जत्रेत मिळतं तसं वाकवलेल्या बांबूचं नव्हे. लाकडाच्या गाभ्याला आतून शिंग आणि बाहेरून जनावराचा स्नायू सरसानं चिकटवून ते तयार करत. एक धनुष्य नीट वाळून तयार व्हायला महिने लागत. दोरी उतरवली की ते उलट्या बाजूला वळे, इतका त्यात ताण असे. ते ताणायला लहानपणापासून खांदे आणि पाठ घडवावी लागे. अंगठ्यात कडं घालून दोरी ओढायची, म्हणजे अंगठा चिरत नाही. उच्चकुळीच्या योद्ध्याची ती विद्या होती, आणि मोगल सरदारांपासून मराठ्यांपर्यंत सगळीकडे तिला मान होता.

आता समोरची बंदूक पाहा. तिला तोड्याची बंदूक म्हणत, कारण तिच्यात ठिणगी पाडणारा चकमकीचा दगड नव्हता. 'तोडा' म्हणजे सोऱ्याच्या पाण्यात भिजवून वाळवलेली सुती दोरी. तिलाच जामगीही म्हणत. ती पेटवली की विझत नाही, धुमसत राहते. चाप ओढला की ते जळतं टोक खाली येऊन दारूला लागायचं आणि बार उडायचा.

पण त्याआधी बार भरावा लागे, आणि खरी गोम तिथेच आहे. वर्गात आम्ही ते करून पाहिलं. एका मुलीच्या हातात फळ्याजवळची लांब काठी दिली, तीच बंदूक. एका मुलाला काल्पनिक धनुष्य दिलं. मी एकेक कृती सांगत होतो. बंदूक उभी धर. जळता तोडा बाजूला घे, नाहीतर हातातली दारूच पेटेल. शिंगातून दारू मोजून नळीत ओत. वर चिंधी किंवा बोळा सरकव. गोळी टाक. गज काढ, ठास, गज परत जागेवर ठेव. आता बंदूक आडवी कर. कान्यापाशी, म्हणजे नळीच्या बारीक भोकापाशी, रंजक घाल. ही रंजक म्हणजे वेगळी, बारीक दळलेली दारू. झाकण लाव. तोड्याची राख फुंकून टाक, टोक लाल झालंय का पाहा, ते चापाच्या चिमट्यात बसव. झाकण उघड. नेम धर. चाप ओढ. एवढ्यात तिकडे पोरानं सात बाण सोडून झाले होते आणि तो बाकावर बसून हसत होता.

खऱ्या रणांगणावरही फरक साधारण असाच. तयार बरकंदाजाला एका बाराला मिनिटभर किंवा जास्त लागे. सराईत तिरंदाज तेवढ्यात पाच-सहा बाण सहज मारी. घोड्यावर किंवा हलत्या हत्तीवर बसून दारू ओतायची आणि गज मारायचा म्हणजे तर कसरतच. म्हणून बंदुकवाले बहुधा पायदळात असत. कोकणातले हेटकरी यात नावाजलेले नेमबाज होते.

मग बंदूक घ्यायचीच कशाला? कारण तिचा जोर. शिशाची गोळी ढाल आणि चिलखत फोडून जाते, आणि ते फोडण्यासाठी मारणाऱ्याचे खांदे पहिलवानाचे असावे लागत नाहीत. शेतकऱ्याच्या पोराला काही आठवड्यांत बार भरायला शिकवता येतं. तिरंदाज घडवायला अर्धं आयुष्य जातं. इथे फक्त दोन हत्यारांची तुलना नाही, हे मुलांच्या पटकन लक्षात आलं.

आज जगात 'प्रॅक्टिकल शूटिंग' नावाचा नेमबाजीचा खेळ आहे. १९७६ पासून त्याची आयपीएससी ही आंतरराष्ट्रीय संघटना आहे. यात खेळाडू पळत, वळत, अडथळ्यांमागून नेम मारतो आणि गुण देताना तीन गोष्टी पाहतात: अचूकपणा, जोर आणि वेग. एक वाढवली की दुसरी कमी होते. जड, जोरकस काडतूस घेतलं तर हात उसळतो आणि पुढचा नेम उशिरा लागतो. हलकं घेतलं तर जोराचे गुण जातात. म्हणून हे खेळाडू साधन निवडण्यावर तासन् तास खल करतात. अनेक देशांत ते रिकामी पितळी काडतुसं पुन्हा भरतात, दारू ग्रेनमध्ये तोलतात (एका ग्रॅममध्ये सुमारे साडेपंधरा ग्रेन), कारण प्रत्येक बार पहिल्यासारखाच उडायला हवा. आपल्याकडे यातलं काही परवान्याशिवाय करता येत नाही आणि घरी तर करायचंच नाही, हे स्पष्ट सांगून ठेवतो. पण तीन कसोट्या घ्या आणि १७३१ सालाला लावा. वेगात धनुष्य पुढे. जोरात बंदूक पुढे. अचूकपणात शिकलेल्या हातातलं धनुष्य जवळच्या टप्प्यात काही कमी नव्हतं. तेव्हा अंबारीत उभं राहून लढणाऱ्या सेनापतीनं धनुष्य घेणं हा अडाणीपणा नव्हता. त्या जागेसाठी तेच बरोबर साधन होतं.

बार 'पहिल्यासारखाच' उडायला हवा, ही काळजी तेव्हाच्यांनाही होती. गोळ्या साच्यात ओतत, आणि ज्या त्या नळीच्या तोंडाला बसेल तीच गोळी चाले. सैल बसली तर जोर गळतो, घट्ट बसली तर गजाखाली अडकते. दारूत सोरा सर्वांत जास्त, साधारण तीन-चतुर्थांश, बाकी गंधक आणि कोळसा. सोरा ओल धरतो. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात दारूखान्याविषयी बारीक सूचना आहेत: तो राहत्या घरांपासून लांब असावा, आणि ठरावीक दिवसांनी दारू बाहेर काढून ऊन देऊन पुन्हा मोहर करून ठेवावी. आपल्या मावळातला पाऊस ज्यानं पाहिलाय त्याला याचं कारण सांगायला नको. गंमत म्हणजे पावसाळा धनुष्यालाही मानवत नसे, कारण दमट हवेत सरस सैल पडतो. स्वाऱ्या दसऱ्यानंतर निघत, त्याला नद्यांचे पूर आणि चारा ही कारणं होतीच, पण दारू आणि सरससुद्धा कोरड्या हवेचेच सोबती. (लोकलनं पुण्याला जाताना खडकी लागते ना, तिथला दारूगोळ्याचा कारखाना १८६९ चा. काडतुसं आयती मिळू लागली तो काळ फार पुढचा आहे.)

आता डभई. भांडण गुजरातच्या चौथाईचं होतं. गुजरात म्हणजे दाभाड्यांचं क्षेत्र, खंडेरावांनी तिथे उन्हाळे काढलेले. १७३० मध्ये चिमाजी अप्पांनी गुजरातचा मोगल सुभेदार सरबुलंदखान याच्याकडून चौथाई-सरदेशमुखीचा करार पेशव्यांमार्फत करून घेतला. त्र्यंबकरावांना ही आपल्या घरात घुसखोरी वाटली. त्यांनी थेट निजामाशी संधान बांधलं, ज्याच्याविरुद्ध वडील बाळापूरला लढले होते त्याच निजामाशी. माझ्या मते त्यांची चूक हत्यार निवडण्यात नव्हती, इथे होती. दुखणं खरं होतं, औषध चुकीचं घेतलं. पिलाजी गायकवाड, कंठाजी कदमबांडे, उदाजी पवार असे नामांकित सरदार त्यांच्या बाजूला आले. बाजीराव तेव्हा गुजरातेतच होते. निजाम येऊन मिळण्याआधी गाठ घालायची, हे त्यांनी ठरवलं.

१ एप्रिल १७३१. बडोदा आणि डभई यांच्या मधल्या भिलापूरपाशी दोन्ही मराठी फौजा भिडल्या. दोन्हीकडे तीच भाषा, तोच देव्हारा. हवा कोरडी, तोडे नीट धुमसत असणार. दाभाड्यांकडची कितीतरी फौज मोडून पळू लागली. तेव्हा त्र्यंबकरावांनी जे केलं ते ग्रँट डफनं आपल्या इतिहासात नोंदवलंय: त्यांनी आपल्या हत्तीचे पाय साखळीनं बांधले. पळायची वाटच ठेवली नाही. समोर बाजीराव घोड्यावर होते, चपळ आणि सगळीकडे फिरणारे. इकडे हा उंच, जागेवर खिळलेला हत्ती. तरीही लढाई अडून राहिली होती. त्र्यंबकरावांनी धनुष्य पूर्ण ताणलं होतं, त्याच क्षणी तोड्याच्या बंदुकीची एक गोळी येऊन लागली आणि ते गेले. बाण सुटला की नाही, कोण सांगणार.

गोळी कुणाची? ग्रँट डफ ती भरकटलेली मानतो. एका मराठी परंपरेत त्र्यंबकरावांच्या मामाचं, भाऊसिंग ठोके याचं नाव येतं, म्हणजे गोळी आपल्याच बाजूनं आली. मला स्वतःला मामाची गोष्ट फार नाटकी वाटते. हरलेल्या बाजूला फितुरी नेहमीच आठवते. पण पुराव्यानं ती खोडूनही काढता येत नाही. एक गोष्ट मात्र खरी, की धनुष्य ताणलेला माणूस त्या क्षणी आडोशाला जाऊ शकत नाही. दोन्ही हात गुंतलेले, छाती उघडी, नजर एका बिंदूवर. जुन्या मराठीत 'शिस्त' या शब्दाचा एक अर्थ नेम असा होता, 'शिस्त धरणे' म्हणजे नेम धरणे. सेनापती शिस्त धरून उभे होते.

त्या एका बारानंतर फौज विस्कटली. पिलाजींचा मुलगा सयाजी पडला, उदाजी पवार कैद झाले. संध्याकाळपर्यंत गुजरातचा प्रश्न पेशव्यांच्या बाजूनं सुटला होता.

बातमी तळेगावच्या वाड्यात आली तेव्हा उमाबाईंना नवऱ्याचं जाऊन दीड वर्ष झालं होतं. शाहू महाराजांनी बाजीराव आणि उमाबाई यांची समजूत घातली. महाराजांनी बाजीरावांना त्यांच्या पायांवर घातलं आणि उमाबाईंच्या हाती तलवार देऊन हवा तो सूड घ्यायला सांगितलं, असं म्हणतात. त्यांनी ती चालवली नाही. सेनापतिपद यशवंतरावांना मिळालं आणि गुजरातचा निम्मा वाटा पेशव्यांकडे गेला. पुढच्याच वर्षी डाकोरला पिलाजींचा खून झाला, तेव्हा उमाबाई स्वतः फौज घेऊन अहमदाबादेवर चालून गेल्या. तो वेगळा पाठ आहे, पुढच्या महिन्यात घेऊ.

तळेगावचं एक नुकसान मात्र लढाईच्या पुस्तकात सहसा येत नाही. खंडेरावांच्या काळापासून इथे दरवर्षी श्रावणात विद्वान ब्राह्मणांना भोजन आणि दक्षिणा मिळत असे, दूरदूरचे शास्त्री येत. डभईनंतर ही प्रथा बाजीरावांनी पुण्यात सुरू ठेवली. पेशवाई बुडाल्यावर इंग्रजांनी त्याच दक्षिणेच्या रकमेतून १८२१ मध्ये पुण्याच्या विश्रामबाग वाड्यात संस्कृत पाठशाळा काढली, आणि तिच्यातून पुढे डेक्कन कॉलेज उभं राहिलं. हे ऐकल्यावर त्याच मुलानं पुन्हा हात वर केला. त्याचं म्हणणं, गोळी दुसऱ्या कुणाला लागली असती तर कॉलेज तळेगावात असतं का? घंटा झाली होती. मी त्याला बनेश्वराला जाऊन समाध्या बघून यायला आणि त्यावर अर्धं पान लिहायला सांगितलंय.