लोखंडी नांगर ते कार्बन शोषक : नवे साहित्य बाजारात कसे रुजते?

कारखान्याच्या धुरातून कार्बन डायऑक्साइड शोषून घेणारे नवे सच्छिद्र पदार्थ प्रयोगशाळेत तयार झाले आहेत. त्यातील धातू-सेंद्रिय चौकटींच्या संशोधनाला २०२५चे रसायनशास्त्राचे नोबेलही मिळाले. पण कोल्हापूरच्या फौंड्रीचालकाने ते विकत का घ्यावेत? लोखंडी नांगराबाबत असाच प्रश्न लक्ष्मणराव किर्लोस्कर यांच्यासमोर होता.

कोण होते लक्ष्मणराव?
जन्म २० जून १८६९, बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर. चित्रकार होण्यासाठी ते मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये गेले, रंग नीट ओळखता येत नसल्याने यांत्रिक रेखाटनाकडे वळले. व्हीजेटीआयमध्ये शिकवले. पुढे नोकरी सोडून बेळगावला भावासोबत सायकलचे दुकान चालवले. मग कडबा कापण्याचे यंत्र आणि १९०३ मध्ये लोखंडी नांगर आला.

नांगर का खपेना?
लाकडी नांगर जमीन उकरतो, लोखंडी नांगर माती उलटवतो. फायदा उघड होता. तरीही लोखंडाने जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिला नांगर विकायला दोन वर्षे लागली.

जागा आणि भांडवल कुठून आले?
बेळगावची जागा सोडावी लागल्यावर औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला आले. त्यांनी ३२ एकर माळरान आणि १० हजार रुपये बिनव्याजी दिले. तिथे कुंडल रोड स्टेशनजवळ १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली.

कोल्हापूरचा वाटा काय?
पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेनासे झाले. मागणी होती, कच्चा माल नव्हता. तेव्हा राजर्षी शाहू महाराजांनी संस्थानातील जुन्या तोफा दिल्या. त्या वितळवून नांगर ओतले गेले. १९२० मध्ये पुतणे शंकरराव यांनी ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केले आणि कारखान्याची माहिती घरोघरी पोहोचू लागली. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणरावांचे निधन झाले.

आज याचा अर्थ काय?
नांगर चांगला होता, पण तेवढ्याने धंदा उभा राहिला नाही. ग्राहकाचा विश्वास, थांबू शकणारे भांडवल आणि कच्च्या मालाची सोय, हे तिन्ही लागले. कार्बन शोषकांचेही तसेच आहे. ते टनावारी बनले पाहिजेत, धूळ आणि दमट धुरात टिकले पाहिजेत आणि शोषलेला वायू मोकळा करायला उष्णता कमी लागली पाहिजे. शिवाय त्या वायूला गिऱ्हाईक हवे. साखर कारखान्यांच्या डिस्टिलरीत आंबवण्यातून जवळपास शुद्ध कार्बन डायऑक्साइड निघतो. तो शीतपेये व कोरड्या बर्फासाठी विकता येतो. फौंड्रीच्या धुरात मात्र तो इतर वायूंत मिसळलेला असतो, म्हणून वेगळा करणे महाग पडते.

युरोपीय संघाने २०२६ पासून आयात लोखंड-पोलादावर कार्बन शुल्काची व्यवस्था लागू केली आहे. त्यामुळे हा हिशेब लोखंडाच्या धंद्याला फार काळ टाळता येणार नाही. सुरुवातीची तोट्याची वर्षे कोण सोसणार, यावर बरेच ठरेल. लक्ष्मणरावांच्या वेळी ती जबाबदारी दोन संस्थानिकांनी वाटून घेतली होती.