जोसेफाइन बटलर : एका निर्भय गृहिणीचे चरित्र

आपल्या संस्थेच्या वार्षिक स्मरणिकेत दरवर्षी एखाद्या थोर व्यक्तीचे चरित्र यावे, असा प्रघात आहे. यंदा ते काम संपादक मंडळाने मजकडे सोपविले, तेव्हा मी जोसेफाइन बटलर यांचे नाव सुचविले. त्यावर एका वडीलधाऱ्या सभासदांनी शंका काढली की, ज्या अंकात वधूवरांच्या याद्या आणि गुणवंत विद्यार्थ्यांची छायाचित्रे असतात, त्यात हा विषय कसा शोभावा? शंका रास्त होती. परंतु नेमक्या याच शंकेशी या बाईंना जन्मभर झुंजावे लागले. म्हणून लेख लिहावयाचाच असे मी ठरविले. चौतीस वर्षे मी शाळेत इतिहास शिकविला. इंग्लंडातील सुधारणांचा धडा घेताना गुलामांची मुक्तता, कारखान्यांचे कायदे, मतदानाचा विस्तार हे सारे मुलांकडून पाठ करवून घेतले. बटलरबाईंचे नाव मात्र त्या धड्यात नव्हते, आणि खरे सांगावयाचे तर मलाही ते ठाऊक नव्हते.

जोसेफाइन यांचा जन्म १३ एप्रिल १८२८ रोजी इंग्लंडच्या उत्तर सीमेवरील नॉर्थंबरलंड परगण्यात झाला. वडील जॉन ग्रे हे शेतीसुधारणेत नावाजलेले गृहस्थ. १८३२ चा मतदान सुधारणेचा कायदा ज्यांच्या कारकिर्दीत झाला, ते पंतप्रधान लॉर्ड ग्रे हे त्यांचे नातलग. गुलामगिरीविरुद्ध चळवळीत जॉन ग्रे यांनी हिरिरीने भाग घेतला होता, आणि त्या अमानुष व्यापाराच्या हकीकती मुलांना घरातच ऐकावयास मिळत. माणसाला विकता येत नाही, हा धडा या मुलीच्या मनावर लहानपणीच बिंबला.

१८५२ साली त्यांचा विवाह जॉर्ज बटलर या विद्वान शिक्षकाशी झाला. प्रथम ऑक्सफर्ड, मग चेल्टनम येथे त्यांचा संसार झाला. (याच चेल्टनम गावी पुढे आपल्या पंडिता रमाबाई शिकावयास गेल्या.) तीन मुलगे आणि सर्वांत धाकटी ईव्हा, असे भरले घर होते. १८६४ च्या ऑगस्ट महिन्यात एके सायंकाळी आईवडील बाहेरून परतले. त्यांना भेटावयास पाच वर्षांची ईव्हा धावत निघाली आणि वरच्या मजल्यावरील जिन्याच्या कठड्यावरून तोल जाऊन त्यांच्या डोळ्यांदेखत खालच्या फरशीवर कोसळली. ती वाचली नाही. ज्यांच्या घरात असा प्रसंग झाला आहे, त्यांना त्या मातेची स्थिती मी सांगावयास नको.

१८६६ साली जॉर्ज बटलर लिव्हरपूल येथील विद्यालयाचे मुख्याध्यापक झाले. नव्या गावी जोसेफाइनबाईंचे मन घरात लागेना. आपल्याहून अधिक दुःखी माणसे शोधावी, असे त्यांच्या मनाने घेतले. ब्राउनलो हिल येथे निराधारांचे प्रचंड आश्रयगृह होते. त्याच्या तळघरात भुकेमुळे किंवा फसवणुकीमुळे रस्त्यावर आलेल्या शेकडो स्त्रिया भाकरीच्या तुकड्यासाठी डांबर लावलेले जुने दोरखंड उसवीत बसत. बोटे सोलून निघत. बाई तेथे गेल्या आणि त्यांच्याबरोबर जमिनीवर बसून दोर उसवू लागल्या. या उंची कपड्यांतल्या बाईला ते काम जमेना, म्हणून त्या स्त्रिया हसू लागल्या. त्या हसण्यातूनच ओळख वाढली. पुढे त्यांपैकी कित्येक आजारी मुलींना बाईंनी आपल्या राहत्या घरी आणून ठेवले. काही तेथेच, त्यांच्या हातात हात देऊन मरण पावल्या. ज्या बऱ्या झाल्या त्यांच्यासाठी बाईंनी एक निवास आणि पाकिटे तयार करण्याचा छोटा कारखाना काढला. मुख्याध्यापकाच्या घरात अशा मुली राहतात, याचा पालकांत केवढा बोभाटा होऊ शकतो, हे माझ्यासारख्या शिक्षकाला चांगलेच कळते. जॉर्ज बटलर यांनी चकार शब्द काढला नाही. उलट त्या मुलींना दारापर्यंत सामोरे जाऊन ते त्यांना आत आणीत. याच सुमारास स्त्रियांच्या उच्च शिक्षणासाठी उत्तर इंग्लंडात जे मंडळ स्थापन झाले, त्याच्याही बाई अध्यक्ष होत्या.

आता मुख्य विषयाकडे येतो. सैन्यात व आरमारात गुप्तरोग फार बळावले, म्हणून इंग्लंडच्या पार्लमेंटने १८६४, १८६६ आणि १८६९ असे लागोपाठ तीन कायदे केले. लष्करी ठाणी आणि बंदरे असलेल्या गावांत साध्या वेषातील पोलीस फिरत. एखादी स्त्री देहविक्रय करते असा नुसता संशय पोलिसाला आला, तरी तिला वैद्यकीय तपासणीस हजर व्हावे लागे. नकार दिला तर तुरुंग. रोग आढळला तर इस्पितळात कोंडून ठेवीत. ही मुदत प्रथम तीन महिने होती, ती वाढत वाढत नऊ महिन्यांवर गेली. पंचांसमोर चौकशी नाही, आणि आपण निर्दोष आहोत हे सिद्ध करण्याचा भार त्या स्त्रीवरच. रात्री कामावरून परतणारी गरीब शिवणकामवाली किंवा मोलकरीण यातून सुटेलच अशी खात्री नव्हती. ज्या पुरुषांमुळे हा रोग पसरे, त्यांना मात्र हा कायदा मुळीच लागू नव्हता.

बटलरबाईंचा आक्षेप असा की, एकाच कर्माचे दोन भागीदार असता सरकार एकाला गुन्हेगार ठरविते आणि दुसऱ्यासाठी माल तपासून देते. १८६९ च्या अखेरीस या कायद्यांविरुद्ध स्त्रियांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली आणि नेतृत्व त्यांच्याकडे आले. काम स्वीकारण्यापूर्वी त्या फार दिवस अस्वस्थ होत्या, कारण झळ पतीला लागणार होती. शेवटी त्यांनी मनातले सारे कागदावर उतरवून ते पतीच्या हाती दिले. काही दिवस विचार करून जॉर्ज यांनी त्यांना आनंदाने अनुमती दिली. १ जानेवारी १८७० रोजी वृत्तपत्रातून स्त्रियांचे निषेधपत्रक प्रसिद्ध झाले. त्यावर फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचीही सही होती. पुढे जॉर्ज बटलर धर्मगुरूंच्या एका परिषदेत याविषयी निबंध वाचू लागले, तेव्हा त्यांना ओरडून खाली बसविण्यात आले.

१८७० सालीच कॉलचेस्टर येथे पोटनिवडणूक लागली. सरकारी उमेदवार सर हेन्री स्टॉर्क्स या कायद्यांचे कट्टे पुरस्कर्ते होते. त्यांच्याविरुद्ध प्रचारास बाई तेथे गेल्या, तेव्हा गुंडांच्या टोळ्या त्यांच्या मागे लागल्या. जमावाने ओळखावे म्हणून बाईंच्या पोशाखाचे वर्णन पत्रकांतून वाटण्यात आले. ज्या खाणावळीत त्या उतरल्या होत्या, ती पेटवून देण्याची धमकी आली. मालकाने त्यांना मागल्या दाराने बाहेर काढले आणि एका कामगाराच्या घरी त्यांना आसरा मिळाला. स्टॉर्क्स निवडणूक हरले. दोन वर्षांनी पॉन्टिफ्रॅक्ट येथे माळ्यावर स्त्रियांची सभा चालू असता विरोधकांनी खाली पेंढा पेटविला. धुराने जीव गुदमरू लागला. बाई व त्यांच्या सहकारी भगिनी जेमतेम निसटल्या. हे सारे एका मुख्याध्यापकाच्या पत्नीने, वयाची चाळिशी ओलांडल्यावर आणि प्रकृती नाजूक असता सोसले!

इंग्लंडबाहेरची स्थिती पाहण्यासाठी १८७४ च्या हिवाळ्यात त्या फ्रान्स, इटली, स्वित्झर्लंड येथे गेल्या. पॅरिसमध्ये ही पद्धत कित्येक वर्षे चालू होती, तरी रोग हटला नव्हता. १८७५ साली निरनिराळ्या देशांतील समविचारी माणसांचा संघ निघाला. १८८० साली त्यांनी ब्रुसेल्समधील एक भयंकर प्रकार उघडकीस आणला : अल्पवयीन इंग्रज मुलींना खोट्या जन्मदाखल्यांनी तेथील परवानाधारक कुंटणखान्यांत कोंडले होते. त्या प्रकरणात तेथील पोलीस अधिकाऱ्यांना पदे सोडावी लागली. १८८३ साली इंग्लंडातील सक्तीची तपासणी थांबली, आणि १८८६ साली ते कायदे रद्द झाले. मधल्या १८८५ साली मुलींचे संमतिवय तेरावरून सोळावर नेणारा कायदा झाला. त्या चळवळीतही बाईंचा हात होता. मात्र त्यानंतर काही सुधारक या स्त्रियांना पोलिसांकरवी रस्त्यावरून हुसकू लागले, तेव्हा बाईंनी त्यांनाही विरोध केला. ही गोष्ट मला विशेष वाटते.

आपल्या देशाचाही या कथेशी संबंध आहे. हिंदुस्थानात १८६८ साली तसाच कायदा झाला आणि मुंबईत तो लागूही झाला. लष्करी छावण्यांतून तर गोऱ्या शिपायांसाठी अशा स्त्रियांची नोंदणी आणि तपासणी आधीपासूनच होई. १८८६ साली सरसेनापती रॉबर्ट्स यांच्या वतीने एक परिपत्रक निघाले. पलटणींसाठी पुरेशा संख्येने व रूपाने बऱ्या स्त्रिया ठेवाव्यात असा त्याचा आशय होता. ते १८८८ साली इंग्लंडात प्रसिद्ध झाले, आणि त्याच वर्षी ही पद्धत मोडण्याचा ठराव पार्लमेंटने केला. छावण्यांत ती तरीही चालूच होती. बटलरबाईंच्या चळवळीतर्फे अँड्र्यू व बुशनेल या दोन अमेरिकन स्त्रियांनी १८९१-९२ मध्ये हिंदुस्थानातील छावण्या हिंडून प्रत्यक्ष पुरावा गोळा केला. त्यावर १८९३ साली समिती बसली आणि रॉबर्ट्स यांना माफी मागावी लागली.

बाई स्वतः हिंदुस्थानात कधीच आल्या नाहीत. येथील स्त्रियांची त्यांना कळकळ होती, पण ती दूरच्या वडीलधाऱ्या बाईची कळकळ होती. येथील भगिनी स्वतः काही बोलतील, लिहितील असे त्यांना फारसे वाटले नसावे. बोअर युद्धात त्यांनी इंग्लंडची बाजू घेतली, तेव्हा त्यांचे कित्येक जुने स्नेही दुखावले. चरित्र लिहिताना हेही नमूद केले पाहिजे.

१८९० साली जॉर्ज बटलर वारले. बाईंनी त्यांचे चरित्र लिहिले आणि पुढेही दहा वर्षे लेखणी खाली ठेवली नाही. अखेरीस त्या आपल्या जन्मभूमीकडे, नॉर्थंबरलंडमधील वूलर या लहान गावी येऊन राहिल्या. तेथेच ३० डिसेंबर १९०६ रोजी त्यांचा अंत झाला. जवळच्या किर्कन्यूटन गावातील चर्चच्या आवारात त्यांना मूठमाती देण्यात आली. ज्या लिव्हरपूल शहराच्या तळघरात त्या दोर उसवीत बसल्या होत्या, तेथील भव्य चर्चमधील थोर स्त्रियांच्या रंगीत काचचित्रांत आज त्यांचेही चित्र आहे.