मनिल्याचे नगराध्यक्ष डॉ. जुस्तो लुक्बान

फिलिपाईन बेटांतील डॉ. जुस्तो लुक्बान यांचा जन्म सन १८६३ त लाबो गावी झाला. ते पेशाने डॉक्टर. देश स्पेनविरुद्ध उठला तेव्हा मालोलोस येथील राष्ट्रसभेत ते बसले. पुढे अमेरिकन अमदानीत, सन १९१७ त, मनिला शहराचे नगराध्यक्ष झाले.

सन १९१८ त त्यांनी तेथील वेश्यावस्ती बंद केली. हेतु चांगला होता, हे आम्ही मोकळ्या मनाने म्हणतो; अशा वस्तीपायी किती संसार धुळीस मिळतात हे आपल्या मंडळ्यांस ठाऊक आहे. परंतु पुढे काय झाले? १७० स्त्रियांस काही दिवस घरांत कोंडून, ता. २५ आक्टोबरच्या रात्री पोलिसांनी दोन आगबोटींवर चढविले. कोठे नेतात हे कोणी सांगितले नाही, संमति घेतली नाही. व्यभिचारात धरलेल्या स्त्रीस प्रभूपुढे उभे तरी राहता आले. यांस कोणापुढेही नाही. चार दिवसांनी दूर दक्षिणेस दाव्हाव येथे त्यांस मजूर म्हणून उतरविले.

नातलगांनी सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठावले. स्त्रिया आता आपल्या हद्दीत नाहीत, असा नगराध्यक्षांचा बचाव होता. न्यायालयाने तो मानिला नाही. सन १९१९ च्या मार्चात निवाडा झाला: या स्त्रियाही इतरांप्रमाणेच नागरिक आहेत; कोणासही बळाने हद्दपार करण्याचा अधिकार कोणत्याही कायद्याने कोणा अधिकाऱ्यास दिलेला नाही. पहिला हुकूम मोडल्याबद्दल डॉक्टरांस १०० पेसो दंड झाला. तोवर कित्येक स्त्रिया आपल्याच खर्चाने परतल्या होत्या. कित्येक दाव्हावलाच राहिल्या.

सन १९२० त डॉक्टरांचे पद गेले, व १९२७ त ते वारले. तो निवाडा मात्र फिलिपाईन देशात कायद्याच्या विद्यार्थ्यांस आजही शिकविला जातो, आणि त्यात त्यांचे नाव आहे.