संत इग्नेशियस आणि न सुटलेले जहाज

लग्न ठरले की आपल्याकडे पहिली धावपळ हॉलसाठी होते. हॉलची तारीख मिळते, केटरर ठरतो, बँडवाल्याला ॲडव्हान्स दिला जातो आणि मग कुणाला तरी आठवते की फादरांना सांगायचे राहिलेच. चर्चच्या ऑफिसात आपण जातो ते तारीख विचारायला नव्हे, कळवायला. आम्हीही आमच्या घरच्या कार्यात हेच केले आहे, तेव्हा कुणाकडे बोट दाखवण्याचा प्रश्नच नाही. परदेशातली नोकरी, फ्लॅटचे बुकिंग, मुलांचे ॲडमिशन, सगळ्याचे असेच. सर्व पक्के झाल्यावर एक मिस्सा अर्पण करायची, म्हणजे देवालाही आमंत्रण पोहोचले.

ज्यांचा सण आपण ३१ जुलैला साजरा करतो त्या संत इग्नेशियस लोयोला यांनी आपल्या ‘आध्यात्मिक साधना’ या पुस्तकात माणसाच्या ह्याच सवयीवर नेमके बोट ठेवले आहे. पुष्कळ लोक आधी लग्न किंवा मानाची जागा ठरवून टाकतात आणि मग त्यातून देवाची सेवा कशी करता येईल ते पाहतात, असे ते सांगतात. म्हणजे माणूस देवाकडे जात नाही. देवाने आपल्या बेताकडे यावे अशी त्याची अपेक्षा असते. हे त्यांनी केवळ विचार करून लिहिलेले नाही. त्यांचाही एक बेत होता, पंधरा-सोळा वर्षे उराशी जपलेला. त्या बेताचे काय झाले त्याचीच ही हकिकत.

त्यांचा जन्म १४९१ साली स्पेनच्या उत्तरेला, बास्क प्रांतातील लोयोलाच्या गढीत झाला. नाव इनिगो. घराणे सरदारांचे, आणि हा भावंडांत सर्वांत धाकटा. तरुणपणी त्याला तलवार, कपडालत्ता आणि नावलौकिक ह्यापलीकडे काही दिसत नव्हते. २० मे १५२१ रोजी पाम्प्लोनाच्या किल्ल्यावर फ्रेंच सैन्याशी लढताना तोफेच्या गोळ्याने त्याचा उजवा पाय मोडला व डावाही जखमी झाला. हाड नीट बसले नाही म्हणून ते पुन्हा मोडून बसवण्यात आले. तरीही गुडघ्याखाली हाडाचा उंचवटा राहिला. घट्ट बुटात तो वाईट दिसेल, म्हणून त्याने तो करवतीने कापून घेतला. त्या काळी भूल नव्हती, हे लक्षात घ्या. पुढच्या आयुष्याचा बेत किती पक्का होता, ते ह्यावरून कळते. एवढे सोसूनही तो आयुष्यभर लंगडतच चालला.

अंथरुणावर पडल्यापडल्या त्याला शूरवीरांच्या कथा वाचायच्या होत्या. घरात तसे पुस्तक एकही नव्हते. हाती आले ते ख्रिस्ताचे चरित्र आणि संतांच्या कथा. तो थोडे वाचे आणि मग तासन्‌तास स्वप्ने रंगवी. कधी एका थोर कुळातल्या स्त्रीची मर्जी कशी मिळवू ह्याची, तर कधी संत फ्रान्सिस आणि संत डॉमिनिक यांनी जे केले ते आपण केले तर, ह्याची. दोन्ही स्वप्ने गोड वाटत. फरक नंतर जाणवे. पहिल्या स्वप्नातून बाहेर आल्यावर मन कोरडे पडे. दुसऱ्यातून बाहेर आल्यावर आनंद टिकून राही. आपल्या मनात येणारा प्रत्येक विचार एकाच ठिकाणाहून येत नाही, हे ह्या सैनिकाला तिथे उमगले. बरा झालो की जेरुसलेमला जायचे, अनवाणी, असा निश्चय त्याने केला.

निश्चय चांगला होता, पण त्यात देवाला विचारण्याची रीत अजून आली नव्हती. १५२२ साली घर सोडून निघाल्यावर वाटेत खेचरावर बसलेला एक मुसलमान प्रवासी त्याला भेटला. पवित्र मरियेविषयी बोलणे निघाले. त्या माणसाचे बोलणे इनिगोला अपमानाचे वाटले. तो माणूस पुढे निघून गेला आणि ह्याच्या मनात आले की जाऊन त्याला खंजिराने भोसकावे. करावे की न करावे ते ठरेना. शेवटी त्याने आपल्या खेचराचा लगाम सैल सोडला. पुढच्या फाट्यावर खेचर गावाकडे वळले तर त्या माणसाला गाठायचे, सरळ हमरस्त्याने गेले तर सोडून द्यायचे. खेचर हमरस्त्याने गेले. आपण हे वाचून हसतो. पण चिठ्ठ्या टाकून किंवा बायबल डोळे मिटून उघडून, जे पान येईल त्यावर बोट ठेवून निर्णय घेणारी माणसे आम्ही आपल्याच धर्मग्रामात पाहिली आहेत. म्हातारपणी आपली कहाणी सांगताना इग्नेशियस यांनी हा प्रसंग लपवला नाही. आपण तेव्हा किती आंधळे होतो हे त्यांना दाखवायचे होते.

पुढे मोन्सेर्रातच्या पवित्र मरियेच्या वेदीपाशी त्याने तलवार व खंजीर ठेवून दिले आणि भिकाऱ्याचा वेष घेतला. मान्रेसा या गावी थोडे दिवस थांबायचे म्हणून तो उतरला आणि दहा-अकरा महिने राहिला. उपास, जागरण, केलेली पापे पुन्हा पुन्हा आठवून होणारा छळ, जीव देण्याचेही विचार, ह्या सगळ्यातून तो तिथे गेला. आणि त्यातूनच पुढे ‘आध्यात्मिक साधना’ तयार झाली.

१५२३ च्या सप्टेंबरात तो जेरुसलेमला पोहोचला. आता जन्मभर इथेच राहायचे, पवित्र स्थळांचे दर्शन घ्यायचे आणि लोकांच्या आत्म्यांसाठी झटायचे, असा त्याचा बेत होता. पण तिथल्या पवित्र स्थळांची जबाबदारी फ्रान्सिस्कन बंधूंकडे होती. यात्रेकरूंना पकडून नेण्याचे प्रकार होत आणि त्यांना सोडवण्याचा भार बंधूंवर पडे. त्यांच्या वरिष्ठांनी त्याला परत जायला सांगितले. तो ऐकेना, तेव्हा त्यांनी सांगितले की न जाणाऱ्याला ख्रिस्तसभेतून बहिष्कृत करण्याचा अधिकार पोपमहोदयांनी आपल्याला दिला आहे. इनिगोने ते अधिकारपत्र पाहायलाही मागितले नाही. जायला तयार झाला.

निघण्याआधी मात्र तो गुपचूप ऑलिव्ह डोंगरावर गेला. प्रभू येशू स्वर्गात गेले तेव्हा तिथल्या दगडावर त्यांच्या पावलांचे ठसे उमटले अशी श्रद्धा आहे. पहारेकऱ्यांना एक चाकू देऊन त्याने ते पाहिले. थोडे पुढे गेल्यावर आठवले की उजवे पाऊल कोणत्या दिशेला आणि डावे कोणत्या, हे बघायचे राहिले. परत येऊन कात्री दिली आणि पुन्हा पाहिले. मठाचा नोकर त्याला शोधत आला आणि दंडाला धरून घेऊन गेला. आमचा हा फार आवडता प्रसंग आहे. ज्या जागेवर एवढे प्रेम, तीच सोडून जायची होती.

आता काय करावे, ह्याचा विचार करत तो परतला. लोकांना मदत करायची तर शिकले पाहिजे, असे त्याला वाटले. तेहतिसाव्या वर्षी बार्सिलोनात लहान मुलांच्या शेजारी बसून त्याने लॅटिन व्याकरणाला आरंभ केला. अल्काला आणि सालामांका येथे, हा अशिक्षित माणूस लोकांना धर्माविषयी काय शिकवतो म्हणून त्याची चौकशी झाली आणि दोन्ही ठिकाणी तुरुंगही घडला. १५२८ साली तो पॅरिसला आला. तिथे एकाच खोलीत त्याला दोन तरुण मित्र मिळाले: पीटर फेबर आणि फ्रान्सिस झेवियर.

१५ ऑगस्ट १५३४, स्वर्गोन्नयनाचा सण. पॅरिसजवळच्या मोंमार्त्र टेकडीवरील लहानशा चॅपेलमध्ये सात मित्र जमले. त्यांच्यात धर्मगुरू एकटे फेबर; त्यांनी मिस्सा अर्पण केली. सातही जणांनी दारिद्र्याचे आणि ब्रह्मचर्याचे व्रत घेतले आणि जेरुसलेमला जाण्याची शपथ घेतली. जुना बेत तसाच होता. पण ह्या वेळी शपथेत एक कलम जास्त होते. व्हेनिसमध्ये एक वर्ष जहाजाची वाट पाहायची. जाता आले नाही, किंवा जाऊनही तिथे राहता आले नाही, तर रोमला जाऊन पोपमहोदय जिथे पाठवतील तिथे जायचे.

आमच्या मते हे एक कलम म्हणजे इग्नेशियस यांची तेरा वर्षांची कमाई आहे. आपणही देवाची इच्छा असेल तर असे म्हणतो, पण पत्रिकेच्या कोपऱ्यात वेलबुट्टी असते तसे. त्यांनी ती इच्छा कागदात अशी घातली की प्रसंग आल्यावर त्याप्रमाणे वागावेच लागेल. मुदत घातली, पर्याय लिहिला आणि पर्याय कोण ठरवणार तेही लिहिले. आणि प्रयत्नात कसूर केली नाही. सर्व जण व्हेनिसला जमले, इस्पितळांत रुग्णांची सेवा करू लागले, पोपमहोदयांकडून यात्रेची परवानगी आणली. २४ जून १५३७ रोजी इग्नेशियस यांना गुरुदीक्षा मिळाली.

त्या वर्षी व्हेनिस आणि तुर्कांचे युद्ध पेटले. यात्रेकरूंचे जहाज सुटलेच नाही.

त्यांनी मुदतीपेक्षाही जास्त वाट पाहिली. दरम्यान, नोव्हेंबर १५३७ मध्ये रोमच्या अलीकडे ला स्तोर्ता येथील चॅपेलात प्रार्थना करताना इग्नेशियस यांना अनुभव आला की देवपिता आपल्याला क्रूस वाहणाऱ्या पुत्राच्या सोबत ठेवत आहे. रोममध्ये आपल्या वाट्याला काय येईल हे त्यांना ठाऊक नव्हते, कदाचित क्रूसच. १५३८ साली त्या सर्वांनी शपथेप्रमाणे स्वतःला पोप पॉल तिसरे यांच्या हाती सोपवले.

गुरुदीक्षा होऊन दीड वर्ष झाले तरी इग्नेशियस यांनी आपली पहिली मिस्सा अर्पण केली नव्हती. ती पवित्र भूमीत अर्पण करण्याची त्यांची आशा होती असे मानले जाते. जहाज नाही हे नक्की झाल्यावर १५३८ च्या नाताळच्या रात्री त्यांनी रोममधील सांता मारिया माज्जोरे बॅसिलिकेत ती अर्पण केली. ज्या गव्हाणीत बाळ येशूला निजवले तिची लाकडे तिथे जपली आहेत अशी श्रद्धा आहे; त्याच गव्हाणीच्या वेदीवर. बेथलेहेमला पोहोचणे झाले नाही, तेव्हा रोममध्ये जेवढे बेथलेहेम होते तिथे ते गेले.

२७ सप्टेंबर १५४० रोजी येशूसंघाला मान्यता मिळाली. त्याआधीच पोर्तुगालच्या राजाने हिंदुस्थानासाठी धर्मगुरू मागितले होते. निवड झालेले बोबादिया ऐन वेळी तापाने आजारी पडले. राजदूत निघण्याच्या तयारीत होता. स्वतः आजारी असलेल्या इग्नेशियस यांनी झेवियरना बोलावून विचारले आणि ते लगेच तयार झाले. गोव्याला ते ६ मे १५४२ रोजी उतरले आणि पुढे आपल्या वसईलाही येऊन गेले. कुणाच्याही मूळ बेतात गोवा नव्हता आणि वसई तर नव्हतीच.

इग्नेशियस मात्र रोममध्येच राहिले. जगभर हिंडण्याची ओढ असलेला माणूस काही लहान खोल्यांत बसून सुमारे सात हजार पत्रे पाठवत राहिला. प्रमुखपदी एकमताने निवड झाली तेव्हाही त्यांनी फेरनिवड मागितली, मग आपल्या पापनिवेदकाकडे जाऊन तीन दिवस राहिले आणि त्यांनी सांगितल्यावरच पद स्वीकारले. एकदा वैद्याने उदास होऊ नका असे बजावले, तेव्हा आपल्याला उदास करील असे काय आहे ह्याचा त्यांनी विचार केला. संघच मोडला गेला तर, एवढे एकच सापडले. तेही आपला दोष नसेल तर पाव तासाच्या प्रार्थनेत पचेल, असे त्यांना वाटले. १५५५ मध्ये त्यांच्याशी मतभेद असलेले कार्डिनल काराफा पोप पॉल चौथे झाले, ती बातमी ऐकून त्यांचे अंग थरथरले. न बोलता ते चॅपेलात गेले. थोड्याच वेळाने परत आले ते शांत चेहऱ्याने.

३० जुलै १५५६ रोजी संध्याकाळी त्यांनी आपले सचिव पोलांको यांना बोलावून पोपमहोदयांकडे जायला व आपल्यासाठी आशीर्वाद मागायला सांगितले. आपला शेवट जवळ आला आहे हेही सांगितले. पोलांको यांना स्पेनची टपाल त्याच रात्री पूर्ण करायची होती. वैद्यांनाही विशेष धोका वाटत नव्हता. उद्या गेले तर चालेल का, असे त्यांनी विचारले. आजच गेलेले जास्त आवडेल, पण तुम्हाला योग्य वाटेल तसे करा, असे इग्नेशियस म्हणाले. त्यांनी पुन्हा आग्रह केला नाही. रात्री सेवा करणाऱ्या बंधूंना त्यांच्या खोलीतून देवाचे नाव घेतल्याचा आवाज अधूनमधून येत होता. पहाटे पोलांको धावत पोपमहोदयांकडे गेले. आशीर्वाद घेऊन परतले, तोवर इग्नेशियस निघून गेले होते.